बाईसाहेबांचा उपास

माझ्या लग्नात मी ज्या घोडीवर बसलो होतो, तिच्या पायांशी मला पुढे साडेचार महिने बसावं लागणार आहे, हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी वरातीतच खाली उतरून तिचे पाय धरले असते. उतरायला फार कष्ट पडले नसते. मी सहा फुटी वर्धेकर आणि घोडी कसली, तट्टूच ते. वरातीच्या फोटोत घोडी चाललीय की मी चालतोय, यावर घरात अजून एकमत नाही.

बायको इथली, चंदीगडची, पंजाबी, डॉक्टर. तिच्या घरच्या रिवाजाप्रमाणे नवरदेव घोडीवर बसला की त्याच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवायची. माझी बहीण वर्ध्याहून आलेली, तिनं पसापसानं भरवली. डाळ संपल्यावर घोडीनं तिच्या पदराचीही चव घेतली आणि बँडच्या तालावर अशी काही पावलं टाकली की माझा सेहरा नाकावर आला आणि पुढचं सगळं लग्न मला मोगऱ्यातून दिसलं.

याला तेवीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, जिथे सेक्टर संपून शेतं सुरू होतात तिथे फिरता फिरता मी एका पागेपाशी पोचलो. पागेचे मालक सरदारजी, लग्नाच्या घोड्या पुरवणारे, खाटेवर बसून मुळा खात होते. कोपऱ्यात एक पांढरी, म्हातारी, तट्टूएवढी घोडी उभी होती. मी माझ्या लग्नाची गोष्ट सांगताच सरदारजी उठले, तिच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "ओ जी, यही तो है!"

मला भरून आलं. पुढच्या रविवारी ते एका बँक मॅनेजरलाही तसंच भरून आणत होते.

"सरदारजी, ही एकूण किती जणांची 'यही तो है' आहे?"

"प्रोफेसर साब," ते शांतपणे म्हणाले, "जिसने मान लिया, उसकी."

मी मान लिया. हिशेब केला तर वयही जुळत होतं, अठ्ठावीस. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ती बारक्या लग्नांना जात होती, मग सरदारजींनी तिला घरी बसवलं. चालताना मान अशी धरायची की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणू लागलो.

मी विद्यापीठात गणित शिकवतो. पण तो माझा पोटापाण्याचा उद्योग. खरा मी दिग्दर्शक. इथल्या मराठी मंडळाची गेल्या अठरा वर्षांतली सगळी नाटकं, बालनाट्यं, झांक्या आणि एक अर्धवट पडलेला पडदा माझ्या नावावर आहेत. मंडळात सगळी पोस्टिंगवर आलेली, नाहीतर प्रयोगशाळेत अडकलेली माणसं. फौजी कुटुंबं, सेक्टर एकोणचाळीसमधले शास्त्रज्ञ, सेक्टर सदुसष्टमधली औषधशास्त्राची मुलं. आणि या सगळ्यांवर काकू.

काकू मूळच्या साताऱ्याच्या, एका ब्रिगेडियरच्या पत्नी. निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिले. ब्रिगेडियरसाहेब मागच्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर काकूंनी मंडळात येणं सोडलं नाही, पण स्वयंपाकाला हात लावणं सोडलं. ज्या बाईनं चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती उठवलेला आम्ही पाहिला होता, ती कार्यक्रमाला यायची, मागच्या खुर्चीवर बसायची, केटररची पुरी बोटानं दाबून बघायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची.

आता माझा गुन्हा सांगतो.

मी विदर्भातला, मला पोळा लागतो. मंडळात आम्ही दर वर्षी टेबलावर लाकडी बैल मांडून त्यांना कुंकू लावायचो. गेल्या पोळ्याला माझ्या अंगात दिग्दर्शक संचारला. जिवंत जनावर हवं! सेक्टरात बैल कुठून आणणार? पण चार पाय असलेली, शेपूट असलेली, प्रेक्षकांची सवय असलेली एक कलावती माझ्या ओळखीची होती.

तीस कुटुंबं गाड्या घेऊन पागेत हजर झाली. बाईसाहेबांना मी झूल घातली, कपाळाला बाशिंग बांधलं आणि पुठ्ठ्याची सोनेरी शिंगं लावली. डावं शिंग त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत खाल्लं. मी माईकवरून जाहीर केलं की हा शुभशकुन आहे. टाळ्या झाल्या. मग नैवेद्य. आणि तेव्हा काकू पुढे आल्या. हातात पातेलं, त्यात पुरणपोळ्या. स्वतः केलेल्या. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. त्यांनी पहिली पोळी बाईसाहेबांच्या तोंडात दिली, तिनं ती डोळे मिटून खाल्ली, आणि काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की मागे उभी असलेली सगळी फौज हसायला लागली. मग काय, तीस घरांतून तीस नैवेद्य. प्रत्येक घराचा आग्रह की आमचीही एक. मी माईकवरून आग्रहात भर घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारजींचा फोन आला. "जरा आ जाओ जी."

बाईसाहेब पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभ्या होत्या. जणू समोरच्या अदृश्य स्टुलावर पाय ठेवून बसल्यात. हलायला तयार नाहीत. मी खुराला हात लावला तर उन्हातल्या तव्यासारखा गरम.

व्हेट आला. पंजाबी तरुण, हसण्याची ॲलर्जी असलेला. त्यानं खूर दाबले, बाईसाहेब कळवळल्या.

"क्या खाया?"

"थोडं गोड," मी म्हणालो.

"कितना थोडा?"

माझी बायको सोबत आली होती. ती म्हणाली, "तीस घरों का."

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. घोड्याचा खूर म्हणजे नखाची बंद डबी. आतलं हाड त्या डबीला एका नाजूक पापुद्र्यानं चिकटून लटकलेलं असतं. म्हाताऱ्या तट्टूच्या रक्तात गोड आणि पिठूळ फार झालं की तो पापुद्रा सुजतो, आणि सुजायला आत जागाच नसते. फार झालं तर पापुद्रा सुटतो आणि हाड तळव्यातून खाली उतरतं. तिथे मग इलाज संपतो.

"लोहडीच्या दुसऱ्या दिवशी येईन," तो म्हणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला. "तोवर ती कडक जमिनीवर नीट चालली आणि वळली, तर ठीक. नाहीतर तिला त्रासातून सोडवावं लागेल."

माझी बायको हॉर्मोन्सची डॉक्टर आहे, माणसांच्या. तिनं एवढा वेळ बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवत ठेवला होता. अचानक म्हणाली, "भादव्याच्या उकाड्यात हिच्या अंगावर स्वेटर का आहे?" खरंच, बाईसाहेबांच्या अंगावर लांब कुरळे केस होते; मला वाटायचं ती म्हातारपणाची ऐट आहे. व्हेटनं पहिल्यांदाच माझ्या घरातल्या कुणाकडे आदरानं पाहिलं. रक्त तपासलं. मेंदूतली एक ग्रंथी बिघडलेली निघाली, तीच साखरेचा घोळ घालत होती. रोज एक गोळी, जन्मभर.

"अपनी ही पेशंट निकली, यार," बायको घरी जाताना म्हणाली. "आणि नातेवाईकही नेहमीचेच. थोडं गोड दिलं, म्हणे."

त्या दिवसापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. पहिले दोन-तीन दिवस खूर बर्फाच्या पाण्यात. बर्फ आणायचो सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडजवळच्या उसाच्या रसवाल्याकडून. म्हणजे जगभर साखर वाटणाऱ्या माणसाच्या बर्फानं साखरेचा रोगी थंड करायचा! पायाखाली मऊ हवं म्हणून पागेत वितभर वाळू टाकली. बायकोच्या योगा मॅटमधून चार पाऊलभर तुकडे कापून रुंद चिकटपट्टीनं खुरांना बांधले. बाईसाहेब जांभळ्या चपला घालून उभ्या राहिल्या. बायकोनं मॅट पाहिली, तुकडे पाहिले, बाईसाहेबांकडे पाहिलं. "मला पण असेच दोन करून दे," म्हणाली. "ओपीडीत उभं राहून माझेही दुखतात."

खायचं काय, तर वाळलेला चारा, तोही तासभर पाण्यात बुडवून साखर धुऊन काढलेला. बरसीमसारखा लुसलुशीत हिरवा चारा बंद. हरभरे बंद. चपाती, गूळ, केळ्याचं साल, सगळं बंद. आणि गोळी. गोळी दुधीत घातली, दुधी खाल्ला, गोळी थुंकली. काकडीत घातली, काकडी खाल्ली, गोळी माझ्या बुटावर. सरदारजींनी सुचवलं गुळात घालू. मी त्यांच्याकडे व्हेटच्या नजरेनं पाहिलं. शेवटी पुदिन्याच्या जुडीत लपवली, ती जुडी एका घासात गेली. तीन दिवस मी पुदिन्यावरच व्याख्यानं देत होतो, वर्गातसुद्धा.

खूर कापायला येणारे नालबंद उत्तर प्रदेशातले, साठीचे, मोपेडवरून यायचे. मागे पेटी, तीत कानस, पकड, खूर कापायची सुरी. पुढचा वाढलेला खूर त्यांनी कापून मागे आणला, म्हणजे पाऊल उचलताना आतल्या पापुद्र्यावर ताण कमी पडतो. दर पाच आठवड्यांनी हेच करायचं. "नाखून वाढायला वेळ लागतो, प्रोफेसर साहब. महिन्याला बोटाच्या पेरापेक्षाही कमी. घाई केली तर घोडीही जाते आणि नालबंदाचं नावही."

हे सगळं मी मंडळात कुणालाच सांगितलं नाही.

का, ते कळेलच. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती आले आणि काकूंनी स्वयंपाकघर पुन्हा हाती घेतलं होतं. मोदक, अळूवड्या, वाटली डाळ. भेटेल त्याला सांगत होत्या, "मास्तरनं पोळा काय रंगवला! त्या घोडीनं पहिली पोळी माझी खाल्ली, माहितीये?" मला सगळे मास्तर म्हणतात, ही काकूंचीच देणगी. आता या बाईला जाऊन मी सांगू, की काकू, त्या पोळीनं तिचे खूर सुजले? आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःचीही लाज होतीच. माईक माझ्या हातात होता.

भादव्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सोमवारी सकाळी मी पागेत बादलीत चारा बुडवत होतो आणि दारात काकू उभ्या. चालायचे बूट, हातात स्टीलचा डबा.

"अरे मास्तर, तू इथे?"

"तुम्ही इथे?"

"मी आता रोज येणार. घरी पहिली पोळी गाईला काढायची आमच्याकडे रीत. इथे सेक्टरात दारी गाय येते का? इतकी वर्षं पहिली पोळी मी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी स्वतः खात होते. आता ही आहे ना." त्यांनी डबा उघडला. पोळी, तुपानं चिंब, आत गुळाचा खडा. पलीकडे बाईसाहेबांची मान वाळूतून उंटासारखी लांब झाली.

इथे कुठलाही सरळ माणूस म्हणाला असता, काकू, ती आजारी आहे. पण मी सरळ माणूस नाही, मी दिग्दर्शक. मी हात आडवा केला आणि म्हणालो, "काकू, आज नको. बाईसाहेबांचा उपास आहे."

काकूंचा हात थांबला. "सोमवार करते?"

"हो."

"घोडी?"

"म्हातारपणी ओढ लागते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी डबा बंद केला आणि बाईसाहेबांना नमस्कार केला. खरं तर इथे मी थांबायला हवं होतं. पण टाळी मिळाली की नटाचा तोल जातो. मी पुढे म्हणालो, "आणि नुसता सोमवार नाही, आजपासून रोजच; नवरात्रसुद्धा धरणार आहे. नऊ दिवस. मग पुढे बघू म्हणालीय."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. "तू पागल है क्या? घोडी का व्रत?"

"तुला मराठी माणूस कळला नाही. उपासाच्या ताटात मराठी माणूस ढवळाढवळ करत नाही. आजार म्हटलं असतं तर 'थोडीशी चालते' म्हणाल्या असत्या. उपास म्हटलं की कुलूप!"

"बघ हं," ती म्हणाली.

मी मात्र खूश होतो. आठवडाभर काकू रोज यायच्या, बाईसाहेबांना लांबून नमस्कार करून जायच्या; चपला पावसाळी आहेत, असं मी सांगून ठेवलं होतं. मी गणितात आयुष्य काढलंय; इतकी सुटसुटीत सिद्धता मला फळ्यावरही कधी जमली नव्हती.

घटस्थापनेच्या दिवशी माझं लवकरचं लेक्चर होतं. पागेत पोचायला साडेनऊ झाले. काकू आणि मंडळातल्या तीन बायका वाळूत अर्धवर्तुळ करून उभ्या होत्या. मध्ये बाईसाहेब, नाकाला दाण्याचं कूट लागलेलं. बाकावर डबे. साबुदाण्याची खिचडी. रताळ्याचा कीस. राजगिऱ्याचे लाडू. वऱ्याचे तांदूळ. अर्धी फणी केळी.

"घाबरू नकोस, मास्तर," काकू अभिमानानं म्हणाल्या. "सगळं उपासाचं आहे. मीठसुद्धा सैंधव."

मी एकेक डबा वाकून पाहिला. अख्खं आयुष्य मी मराठी उपास खाल्ला, आईच्या हातचा, मेसचा, मंडळाचा. जगात यापेक्षा पिठूळ, गोड आणि पोटभरीचं ताट नाही. ज्याला उपाशी ठेवायचं त्याच्या उपासाची घोषणा मराठी बायकांपुढे करायची नसते, एवढं साधं गणित मला सुटलं नव्हतं.

"किती खाल्लं?"

"दोन लाडू. खिचडी निम्मी. कीस आवडला नाही तिला, साखर कमी पडली असेल."

संध्याकाळपर्यंत खूर पुन्हा गरम. पाय पुन्हा पुढे. मी पुन्हा रसवाल्याकडे. व्हेट आला, मी काहीच न लपवता सगळं सांगितलं, साबुदाण्यासकट. त्यानं दोन्ही खूर पुन्हा दाबून पाहिले. मग म्हणाला, "सर, अजून एकदा असं झालं, तर लोहडीपर्यंत थांबायची गरज नाही पडणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंच्या घरी गेलो. त्या ओट्याशी उभ्या होत्या, शेंगदाणे भाजत होत्या. मी बसलो नाही. वाक्यं पाठ करून आलो होतो, एकही आठवलं नाही.

"काकू, तिचा उपास नाहीये."

"म्हणजे?"

"ती आजारी आहे. पोळ्यापासून. तिला गोड चालत नाही, पिठाचं चालत नाही, काहीच चालत नाही. खुरांवर उतरतं. मी खोटं बोललो."

काकूंनी गॅस बंद केला. "पोळ्यापासून."

"हो."

"म्हणजे माझ्या पोळ्यांनी."

"माझ्या खेळानं, काकू. तीस घरांना मी बोलावलं. शिंगंसुद्धा मी लावली."

त्या बराच वेळ कढईतले दाणे हलवत राहिल्या, गॅस बंद असताना. मला त्यांच्याकडे बघवेना. मग म्हणाल्या, "आणि कालचे लाडू."

"हो."

"जगेल का?"

"लोहडीला कळेल. पुन्हा काही खाल्लं नाही तर."

मला वाटलं रडतील. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तू मला नाटकात घेतोस, आणि संहिता देत नाहीस? लाज नाही वाटत? मी काय काचेची आहे रे? नवरा गेला माझा, डोकं नाही गेलं! बूट कुठायत माझे? चल."

पागेत तेव्हा नालबंद आले होते, सरदारजींनी बोलावून घेतले होते. काकू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भैया, मुझे सच बताओ. मैंने किया ना यह?"

नालबंदांनी बाईसाहेबांचा पुढचा पाय मांडीवर घेतला, खूर फडक्यानं पुसला आणि बोट ठेवलं. खुरावर वरून खाली आडव्या कडा उमटलेल्या होत्या, पुढे अरुंद, टाचेकडे रुंद होत गेलेल्या. "इधर देखो, माताजी. खुरात काही लपत नाही. एकदा सूज आली की एक कडा. ही वरची, केसांच्या जवळची, ती तुमच्या पोळ्याची. आता ही खालची बघा. ही बैसाखीच्या नंतरची. ही फाल्गुनातली. आणि ही अगदी खाली, मागच्या कार्तिकातली."

"तेव्हा तर आम्ही काही भरवलं नव्हतं," मी म्हणालो.

"तेव्हा शादियाँ होती हैं," नालबंद म्हणाले, आणि कुणाकडेही न बघता सुरी पुसायला लागले.

सगळ्यांनी सरदारजींकडे पाहिलं. सरदारजींनी मुळ्याकडे पाहिलं. "ओ जी, दाल तो बहनें खिलाती हैं... रिवाज है... मैं किस-किसको रोकूँ?"

"म्हणजे तुझं दुखणं जुनं होतं," काकू बाईसाहेबांना म्हणाल्या, "आणि हे दोघे बैल तुझ्याजवळ उभे होते." मग आमच्याकडे वळल्या. त्यानंतरची पाच मिनिटं मी इथे देत नाही. सरदारजींना मराठी येत नाही. तरी ते दोनदा "सॉरी जी" म्हणाले.

त्या दिवसापासून पागा काकूंच्या ताब्यात गेली. दारावर पाटी लागली, मराठीत, हिंदीत आणि सरदारजींकडून गुरुमुखीत लिहवून घेतलेली: 'हिला काहीही भरवू नये. प्रेमानंसुद्धा नाही.' मंडळाची बैठक झाली. काकूंनी उभं राहून सांगितलं की पोळ्याच्या पोळ्या त्यांच्या होत्या, लाडूही त्यांचे होते, आणि इथून पुढे ज्याच्या हातात काही दिसेल त्यानं घरचा स्वयंपाक विसरावा. मी मध्ये उठून जबाबदारी घ्यायचा प्रयत्न केला. "खाली बस," म्हणाल्या. मी बसलो. माझा प्रवेश संपलेला होता.

त्यांनी स्वतःसाठी एकच काम ठेवलं, सकाळची गोळी. रोज घरून पुदिन्याची जुडी घेऊन यायच्या, गोळी आत दडवायच्या आणि भरवायच्या. "पहिला घास हिचाच. रीत मोडलेली नाही," म्हणायच्या. थंडी पडली, धुकं पडलं, समोरचा ट्यूबवेल दिसेनासा व्हायचा, तरी धुक्यातून बुटांचा आवाज यायचाच. मी चारा बुडवताना हात बधिर करून घेत असे, त्या मला माझ्या जुन्या नाटकांतल्या चुका सांगत असत. साऱ्या चंदीगडात इतका सविस्तर समीक्षक मला मिळाला नव्हता. नालबंद पाच आठवड्यांनी आले, पुन्हा पाच आठवड्यांनी आले. लाडवांच्या कडेच्या वर नव्यानं आलेला खूर गुळगुळीत होता, एकही कडा नाही. डिसेंबरात आम्ही चपला काढल्या. पण वाळूत चालणं वेगळं. कडक जमिनीवर तिला अजून कुणी नेलं नव्हतं.

लोहडीच्या शेकोटीला मी रेवड्या खिशात घेऊन हिंडत होतो आणि एकही तोंडात टाकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, संक्रांतीच्या दिवशी, व्हेट आला. ट्यूबवेलपाशी सिमेंटचा चौथरा आहे, तिथे बाईसाहेबांना आणलं. म्होरकी माझ्या हातात. बायको सुट्टी घेऊन आलेली. सरदारजी पगडी नवी बांधून. नालबंद मोपेडला टेकून, तोंडात विडी न पेटवता.

"सीधा," व्हेट म्हणाला.

सरळ चालल्या. टक, टक, टक, टक. चारही पावलं सारखी. व्हेटनं वहीत काही लिहिलं.

"अब मोड़ो. टाइट."

खरी परीक्षा हीच होती. खुराचं दुखणं उरलेलं असेल तर कडक जमिनीवर छोटं वळण घेताना जनावर पाऊल आखडतं. मी म्होरकी ओढली. बाईसाहेब उभ्याच. मी पुचकारलं, गाणं म्हटलं, मराठीत, हिंदीत, गणितात विनवलं. ढिम्म.

"वळत नाही की वळता येत नाही," व्हेट म्हणाला, "हे मला कळायला हवं, सर."

बायकोनं माझ्या कोपराला हात लावला. मी म्होरकी दुसऱ्या हातात घेतली.

इकडे काकूंनी तिळगुळाचा डबा उघडला होता. सण तो सण. व्हेटला दिला, त्यानं आश्चर्य म्हणजे घेतला. नालबंदांना दिला, सरदारजींना दोन, माझ्या बायकोला, मला. बाईसाहेबांचं नाक डब्याच्या मागे मागे फिरत होतं. एकेक लाडू जाताना बघत होती, ओठ लांबवत होती. डबा रिकामा झाला. काकू तिच्या तोंडासमोर आल्या आणि दोन्ही तळवे उघडले.

"तुला नाही गं बाई."

बाईसाहेबांनी उजवा तळवा हुंगला. डावा हुंगला. डब्यात नाक घातलं, बाहेर काढलं. काकूंकडे असं पाहिलं की मलाच अपराधी वाटलं. मग एक फुरफुर केली, मान झटकली आणि जागच्या जागी, सिमेंटवर, गर्रकन वळली. टकटकटकटक, एकही पाऊल न आखडता. आणि पुठ्ठे काकूंच्या नाकासमोर आणून उभी राहिली.

नालबंद मोपेडवरून सरळ झाले. म्होरकी माझ्या हातातून केव्हाच सुटली होती.

"ये तो दाहिना हुआ," व्हेट म्हणाला. त्यानं वहीत खूण केली. "दूसरी तरफ भी देखना पड़ेगा."

काकू शांतपणे चौथऱ्याला वळसा घालून पलीकडे गेल्या, पुन्हा तोंडासमोर आल्या आणि पुन्हा तळवे उघडले. "अजूनही नाही."

हा अपमान दुहेरी होता. बाईसाहेब डावीकडून, पहिल्यापेक्षाही झोकात, फिरकी घेऊन वळल्या आणि शेपटी फटकारून उभ्या राहिल्या.

व्हेटनं पेन बंद केलं. "ठीक है," म्हणाला. "चलेगी. चारा वही, गोळी वही, नालबंद पाच आठवड्यांनी." सरदारजींनी नालबंदांना मिठी मारली, विडी मोडली. माझी बायको रुमाल शोधत होती आणि माझ्या खिशात रेवड्याच सापडत होत्या.

मी काकूंकडे पाहिलं. त्या बाईसाहेबांच्या पाठमोऱ्या रागापुढे उभ्या होत्या. सगळ्यांना वाटताना त्यांनी स्वतः एकही लाडू घेतला नव्हता, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. पदराच्या गाठीतून त्यांनी एक काढला, बाईसाहेबांना दिसणार नाही असा आडोसा केला आणि हळूच तोंडात टाकला.